थेरगावचं सेलिंग

"आपली कंपनी विकली म्हणतात," आमचे हे एका संध्याकाळी जेवायला बसता बसता म्हणाले, आणि माझी भाकरी तव्यावरच राहिली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पिंपरीच्या माळावर तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि हे त्यातल्याच एका कारखान्यात फिटर होते. काम शिकले होते मुंबईच्या एका वर्कशॉपात, पण गाव संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, पार डोंगराच्या कुशीत. मी खाडीकाठची. माझे वडील तांडेल, म्हणजे गलबतावरचे मुख्य. कौलं, मीठ, भात असला माल भरून ते मुंबईपर्यंत जात. आम्ही दोघंही कोकणातलीच, पण यांनी कधी समुद्रात पाय बुडवला नव्हता आणि मी कधी घाट चढले नव्हते. पहिल्यांदा चढले ती लग्न होऊन थेरगावला येताना.

कंपनीचं क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून थेरगावात एका शेतकऱ्याच्या घरी एक खोली घेऊन आम्ही राहत होतो. आज तिथे गेलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तेव्हा ते साधं खेडं होतं. ज्वारी, ऊस आणि वांग्याचे वाफे. चिंचवडला जायचं तर मध्ये पवना नदी. पूल नव्हता. उन्हाळ्यात पायउतार असायचा, तेव्हा नेसूचं वर खोचून चालत जायचं. पावसाळा लागला की तर सुरू व्हायची. तर म्हणजे सपाट बुडाची लाकडी नाव, एखादी बैलगाडीसुद्धा मावेल एवढी. ती चालवणाऱ्या कोळ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. आबा लांब बांबू नदीच्या तळाला टेकवायचे, त्यावर छाती दाबायचे, आणि तर पुढे सरकायची.

"विकली? कोण म्हणतं?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात. आज तर खुद्द साहेबच बोलले."

मग यांनी सगळं सांगितलं. वाफेची नवी लाइन टाकायचं काम चालू होतं. ती कुठे ना कुठे गळायची आणि हे लोक रोज नव्याने जोड घट्ट करायचे. त्या दिवशी मात्र लाइन एकदाची टिकली. कामावरचे साहेब बंगाली होते, तरुण, अजून लग्न व्हायचं होतं. तेही हात काळे करून सगळ्यांबरोबर राबले होते. वाफ धरली तसे ते हसत बाहेर आले, यांच्या पाठीवर थाप मारली आणि इंग्रजीत काहीतरी बोलले.

"काय बोलले?"

यांनी घास ताटात ठेवला आणि एकेक शब्द आठवून म्हणाले, "नाऊ... इट इज ऑल... स्मूथ सेलिंग."

"मग त्यात विकली कुठे आलं?"

"आमच्यात तो खेडचा फिटर आहे ना, इंग्रजी शिकलेला, त्यानं फोड करून सांगितली. सेल म्हणजे विक्री. सेलिंग म्हणजे विक्री चालू आहे. ऑल म्हणजे सगळं. आणि स्मूथ म्हणजे गुळगुळीत. म्हणजे गाजावाजा न करता, अल्लाद, सगळं विकून टाकणार."

"पण साहेब हसत होते म्हणालात."

"त्यांना काय, ते जातील परत कलकत्त्याला. हसतील नाहीतर काय!"

मी भाकरी उलटली. 'सेलिंग' हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या बंदरात दोन तऱ्हेची जहाजं लागत. धूर सोडत येते ती आगबोट, आणि शिडावर, वाऱ्याने चालते ते गलबत. बंदरातला कारकून मात्र गलबत म्हणायचा नाही, 'सेलिंग' म्हणायचा. "तुझ्या बापसाची सेलिंग लागली गो," असं त्याने सांगितलं की मी धक्क्यावर धावत सुटायची. मला इंग्रजी येत नव्हतं, पण हा एक शब्द माझ्या घरचाच होता.

"अहो, ते विकण्याचं नाही," मी म्हणाले. "साहेब होडीबद्दल बोलले."

"वाफेच्या लाइनीत होडी कुठून आणलीस?"

"नाव म्हणाले ना ते? तुम्हीच आत्ता सांगितलंत. नाव इट इज, आणि पुढे सेलिंग."

"अगं, ते नाऊ! नाऊ म्हणजे आत्ता."

"असेल. पण नावही म्हणाले आणि सेलिंगही म्हणाले. दोन्ही होडीचेच शब्द."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तेवढ्यात मधल्या कुडापलीकडून आवाज आला, "काय म्हनला? कंपनी इकली?"

या आमच्या घरमालकीण. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आणि चालायला लागल्या की मागच्या माणसाला पळावं लागायचं अशा. त्यांचे मालक शेतात असायचे आणि बोलायचं सगळं काम त्यांनी मावशींवर सोपवलेलं होतं. मावशींचं माहेर पिंपरीचं. त्यांच्या भावाचं रान कारखान्यात गेलं होतं आणि त्याबदल्यात भावाला दरवाजावर रखवालदाराची नोकरी मिळाली होती. त्यामुळे ती कंपनी आमच्यापेक्षा मावशींचीच जास्त होती.

त्या हातातलं सूप तसंच घेऊन दारात आल्या. "रान घेतलं तवा म्हनले, लेकरंबाळं बसून खातील. आन्‌ आता इकत्यात व्हय? त्या सायबाला मीच इचारते. उद्या सकाळी जायाचं. तू चल माझ्यासंगं."

"मी कशाला, मावशी?"

"तुला ती शेलिंग ठावं हाय न्हवं? मंग!"

सकाळी आम्ही तरीत बसलो. हे आधीच्या खेपेनेच कामावर गेले होते, आणि ते बरंच झालं, कारण मावशींनी नदी ओलांडायच्या आत सगळ्यांना बातमी सांगून टाकली. मधल्या धारेपर्यंत कंपनी नुसती विकली होती. पलीकडच्या घाटाला लागेपर्यंत ती कलकत्त्याला चालली होती. चिंचवडच्या बाजारात कुणीतरी म्हणालं की यंत्रं रेल्वेवर चढवायला सुरुवात झाली आहे, आणि हमरस्त्याला लागलो तेव्हा आमच्या मागे भाजीवाल्या, एक दूधवाला आणि एक न्हावी असे सगळे चालत होते. न्हाव्याचा कारखान्याशी संबंध काय, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, दाढ्या कुनाच्या करायच्या मंग?"

कारखान्याच्या दरवाजावर खाकी कपड्यात, हातात काठी घेऊन मावशींचा भाऊ उभा होता. बहिणीला पाहून तो आधी हसला, मग मागची मंडळी पाहून गंभीर झाला.

"आत सोडता येत न्हाई, आक्का."

"मला? आरं तुझी भन हाय मी!"

"भन हायस म्हनून तर सांगतोय. पास लागतो."

"ह्या जागंवर मी शेंगा उपटल्यात! तवा कुनी पास मागितला न्हाई मला."

भाऊ टोपी काढून डोकं खाजवू लागला. तेवढ्यात साहेब सायकलवरून आले. मावशींनी मागचापुढचा विचार न करता सायकलचं हँडल धरलं. साहेब पडता पडता वाचले आणि एका पायावर उभे राहून त्यांनी विचारलं, "क्या हुआ, माताजी?"

"कंपनी का इकताय तुमी?"

साहेबांना काहीच कळलं नाही. मावशींनी मला पुढे ढकललं. माझं हिंदी तेव्हा यथातथाच. त्यातून परक्या पुरुषाशी, तोही साहेब, मी कधी बोललेच नव्हते. मी पदर घट्ट धरून एवढंच विचारलं, "साहेब, सेलिंग म्हणजे... होडी ना?" आणि शब्द पुरेनात म्हणून दोन्ही हात वर करून शीड कसं फुगतं ते दाखवलं. तोंडाने वाऱ्याचा आवाजसुद्धा काढला. मागे न्हावी खुदकन हसला.

साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. "हां," ते हळूच म्हणाले. "होडी. हवा. बिलकुल." मग त्यांनी विचारलं की हे सगळं कशावरून निघालं. मी तुटक तुटक सांगितलं. मी विक्रीच्या गोष्टीपर्यंत आले तसे ते रखवालदाराच्या स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठून मावशींपुढे हात जोडले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. त्यांचं गाव पूर्व बंगालातलं. तिथली नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ दिसायचा नाही. वारा बरोबर असला की होडीवाल्याला काही करावंच लागत नाही. शीड लावून तो विडी ओढत बसतो आणि होडी आपली चालते. कुठलंही काम असं बिनघोर चालू लागलं की इंग्रज लोक त्याला स्मूथ सेलिंग म्हणतात. वाफेची लाइन टिकली, आता काळजी नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. "हमारे उधर सब नाव पर पाल होता है," ते म्हणाले. "लाल पाल, नीला पाल..."

"पाल?" मावशी दचकून मागे सरकल्या आणि दरवाजाच्या भिंतीकडे बघू लागल्या. "कुठं हाय पाल?"

"मावशी, ते शिडाला पाल म्हणतात," मी म्हणाले.

"मंग तसं सांगावं की! लाल पाल म्हनल्यावर मानूस भिईल न्हाई तर काय."

तोवर आतून खेडचा फिटर आणि आमचे हे दोघंही आले होते. मला तिथे साहेबांशी बोलताना पाहून यांचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. खेडच्या फिटरला खरा अर्थ कळला, पण तो काही ओशाळला नाही. "साहेब, सेल दोन आहेत की," तो म्हणाला. "कुठला सेल ते स्पेलिंग सांगून बोलत चला. आम्ही रात्रभर झोपलो नाही राव!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाकीचे लोक जरा हिरमुसले होते. कंपनी विकली गेली नाही याचा आनंद झाला होता, पण एवढं चालून आल्यासारखं काही घडलं नव्हतं.

निघताना साहेबांनी मला विचारलं, "तुम्हारा गाँव में नदी है ना? पाल नहीं लगाता?"

मी आबांच्या तरीचं सांगितलं, आणि बांबूचं.

"क्यों? हवा तो है."

मी पटकन बोलून गेले, "लावू की. रविवारी या."

मी असं का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. थेरगावात आल्यापासून मी सगळं शिकतच होते. बाजरीची भाकरी थापायला शिकले, म्हशीजवळ जायला शिकले, 'व्हय' आणि 'न्हाई' शिकले. मला जे येत होतं त्याचं तिथे कुणालाच काही काम नव्हतं. लहानपणी वडिलांनी मला छोट्या होडीतून खाडीत शीड धरायला शिकवलं होतं. पुढे लुगडं नेसू लागले तशी आईने ते बंद केलं. त्या दिवशी दरवाजावर हात वर करून शीड दाखवलं आणि मला एकदम वाटलं, अरे, हे आपल्याला अजून येतंय.

संध्याकाळी कामावरून आल्यावर हे एवढंच म्हणाले, "मला पोहता येत नाही, माहीत आहे ना?"

"पाणी छातीभरच आहे."

"कुणाच्या छातीभर?"

रविवारपर्यंत गावाला दुसरा विषय नव्हता. आबा आधी तयारच होईनात. "बांबू टेकला की तर चालती. वाऱ्याच्या भरवशावर आमच्या आज्यानं बी कधी तर सोडली न्हाई." पण साहेब येणार म्हटल्यावर ते पाघळले. डोलकाठी म्हणून मावशींनी गुढीचा लांब बांबू दिला. तो तरीच्या पुढच्या फळीला मोटेच्या नाड्याने, म्हणजे जाड दोराने, आवळून बांधला. आडवा बांबू आबांचाच. प्रश्न होता शिडाच्या कापडाचा. घोंगडी जड, गोधडी त्याहून जड. शेवटी मावशी आत गेल्या आणि आपलं हिरवं नऊवारी लुगडं घेऊन बाहेर आल्या. जुनं होतं, पण विरलेलं नव्हतं. "फाडायचं न्हाई," त्यांनी बजावलं. मी ते मधोमध दुमडलं, काठाला काठ लावला आणि धावदोऱ्याने जोडून चौकोन केला. आडव्या बांबूला बांधून वर चढवलं, तसं ते मांडवासारखं दिसायला लागलं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "लगीन कुनाचं हाय?" असं जाता जाता एकाने विचारलंच.

भाद्रपद चालू होता. नदीला पाणी भरपूर होतं, पण पूर ओसरलेला. वारा पश्चिमेचा, भरघोस. रविवारी साहेब पांढरा सदरा घालून आणि धोतर नेसून आले. त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं. तरीत आम्ही पाच जण. साहेब, आबा, मी, हे, आणि मावशी. मावशींनी वांग्यांच्या आणि गवारीच्या पाट्याही घेतल्या होत्या, "जातोच हाय तर चिंचवडात इकून यीन" म्हणून. हे तरीच्या बरोबर मधोमध बसले आणि दोन्ही हातांनी फळी धरली.

आबांनी तर काठापासून लोटली. मी शिडाचा दोर ओढून धरला. क्षणभर काहीच झालं नाही. लुगडं लटकलं, फडफडलं, काठावरची माणसं हसली. आणि मग वारा त्यात शिरला. हिरवं पोट फुगलं, डोलकाठी करकरली, आणि ती अवजड, सपाट, बैलगाड्या वाहून वाहून पोक आलेली तर चक्क धावायला लागली. पुढे पाण्याचा खळखळ आवाज झाला. तो आवाज मी खाडी सोडल्यापासून ऐकला नव्हता. साहेब उभे राहून बंगालीत काहीतरी ओरडत होते. आबा हातात बांबू घेऊन नुसते उभे होते, नवरदेवाच्या मित्रासारखे. बांबूला काही कामच उरलं नव्हतं.

"चालली गं बया, चालली!" मावशी टाळ्या पिटत होत्या. "माझं लुगडं बघा कसं चाललंय!"

चिंचवडचा घाट जवळ आला. घाटावरच्या बायका धुणं टाकून उभ्या राहिल्या.

"आता वळव," आबा म्हणाले.

मी दोर सैल केला, तिरपा धरला, आबांना मागे बांबू सुकाणूसारखा धरायला लावला. पण आमच्या होड्यांना खाली कणा असतो, तो पाणी कापतो. तरीचं बूड परातीसारखं सपाट. ती वळेचना. वारा जिकडे नेईल तिकडे आणि पाणी जिकडे ओढेल तिकडे, एवढंच तिला माहीत होतं.

"वळव की!"

"वळत नाही, आबा! शीड उतरवा!"

आबा डोलकाठीकडे धावले. गाठ त्यांनी स्वतःच मारली होती, नाडा भिजून फुगला होता, आणि ती काही केल्या सुटेना. घाट समोरून निघून गेला. धुणं धुणाऱ्या बायका, घाटावरचं देऊळ, आमची वाट बघत थांबलेला न्हावी, सगळे मागे पडले. न्हावी काठाने काही अंतर पळत आला, मग थांबून त्याने आम्हाला हात केला.

"कुठं चाललोय आपण?" हे डोळे मिटून विचारत होते.

"पिंपरीकडं," मावशी शांतपणे म्हणाल्या. त्यांनी पाट्या नीट सरळ केल्या. "बरं झालं. तिकडं वांगी लवकर खपत्यात."

भीती मला एकटीलाच वाटत होती, कारण दोर माझ्या हातात होता. नदी पुढे वळते तिथे वाऱ्याची दिशा बदलणार हे मला दिसत होतं. "सगळे खाली बसा!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा निघाला की साहेबसुद्धा मटकन बसले. वळणावर शीड एकदम पलटलं, आडवा बांबू आमच्या डोक्यांवरून सूं करून गेला, आबांचं मुंडासं पाण्यात पडलं, आणि तर गिरकी घेऊन पिंपरीच्या बाजूच्या चिखलात जाऊन अलगद रुतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. काठावर दोन म्हशी होत्या, त्यांनी फक्त मान वर करून पाहिलं.

मग हे एक डोळा उघडून म्हणाले, "स्मूथ सेलिंग?"

साहेब चिखलात उतरून पोट धरून हसू लागले.

मावशी पाट्या डोक्यावर घेऊन तडक कंपनीच्या वसाहतीकडे गेल्या आणि रिकाम्या पाट्या घेऊन परत आल्या. गवारसुद्धा उरली नाही. नदीतून, शीड लावून आलेली भाजी म्हटल्यावर बायका घराबाहेर येऊन घेत होत्या. परतीचा प्रश्न मात्र अवघड होता. प्रवाहाविरुद्ध आणि वाऱ्याविरुद्ध तर जाणार कशी? अखेर मावशींच्या भावाने बैलजोडी आणली. तरीला नाडा बांधला, बैल काठाने चालू लागले आणि आम्ही त्यांच्या मागोमाग पाण्यातून. वाटेत कुठे झुडपं आली की बैल थांबायचे, आबा बांबू टेकवायचे. चिंचवडच्या घाटाला लागलो तेव्हा दिवस कलला होता. आबा घाटावर उतरले आणि पहिल्यांदा काही केलं असेल तर बांबूला हात लावून नमस्कार.

त्यानंतर 'सेलिंग' हा शब्द थेरगावचा झाला, पण साहेबांनी सांगितलेल्या अर्थाने नाही. गावाने डोळ्यांनी जे पाहिलं तोच अर्थ घेतला. माणूस जिथे उतरायचं तिथे न उतरता पुढे वाहवत गेला, की तो सेलिंग झाला. "काल गाडीत डोळा लागला अन्‌ सेलिंग होऊन पार पुण्याला गेलो," असं कुणीतरी चावडीवर सांगताना मी स्वतः ऐकलं. दावं तोडून बैल दुसऱ्याच्या रानात गेला तरी तो सेलिंग. कारखान्यात खेडच्या फिटरने आपला जुना अर्थ काही सोडला नाही. जुनी सायकल काढून टाकायची तर तो म्हणायचा, "सायकल सेलिंगला काढलीय." मावशींचा तिसराच प्रकार. त्यांना कुणी "काय मावशी, बरं हाय का?" म्हटलं की त्या मान उडवून म्हणायच्या, "शेलिंग!" तीन अर्थ एकाच नदीच्या दोन काठांवर सुखाने नांदत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

दिवाळीत माझे वडील आले. बरोबर सुकी मासळी आणि आमसुलं. मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला, तसे ते मला म्हणाले, "चल, दाखव तुझी सेलिंग." त्यांनी तरीभोवती एक फेरी मारली, बुडाशी हात घालून पाहिला, आणि बराच वेळ आबांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्याक गलबत म्हणायचा तर माझ्या बैलगाडीक आगबोट म्हणूक होया." पण आबांनी विडी पुढे केली तेव्हा ते त्यांच्याशेजारी बसले, आणि दोघं तासभर भरती, पूर, गाळ आणि माणसं यांच्यावर बोलत राहिले. निम्मं एकमेकांना कळत नसावं. उठताना वडिलांनी आबांना भिजला तरी सुटेल अशी एक गाठ शिकवली.

माझ्या वडिलांनी मला मात्र काहीच सांगितलं नाही. फक्त आमच्या ह्यांना म्हणाले, "वळणावर सगळ्यांक खाली बसयला ना हिना? बरा केला." आणि हसले. माझी एवढी स्तुती त्यांनी आधी कधी केली नव्हती.

साहेबांची पुढच्या वर्षी दुसरीकडे बदली झाली. जाण्याआधी ते मावशींना भेटायला थेरगावला आले, एक नवं लुगडं घेऊन. हिरवंच. मावशींनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे न्हाई बांधू द्यायची कुनाला." त्याच सुमारास आम्हाला कंपनीचं क्वार्टर मिळालं. सामान फार नव्हतं, एका बैलगाडीत बसलं. मावशी गाडीबरोबर आल्या. चूल कुठे मांडायची, देव कुठे ठेवायचे, हे सगळं त्यांनीच ठरवलं. घरात नळ होता. मी तो सोडला आणि आम्ही दोघी धार बघत उभ्या राहिलो.

"बंद कर," मावशी थोड्या वेळाने म्हणाल्या. "हांडा तरी लाव खाली."

मी हांडा लावला. तो भरेपर्यंत त्यांनी शेजारच्या खोलीतल्या बाईची ओळख करून घेतली होती आणि वांगी कशी हवीत ते विचारून ठेवलं होतं.